मोबाईल बंद करा म्हणायच्या आधी आत काय चाललंय ते बघा

गेम आणि वेब सिरीज पोरांना बिघडवतात की नाही, हा वाद आता आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात कुठेही पेटतो. देवळातली बैठक असो, लग्नाची पंगत असो, नाहीतर एसटीची वाट बघत उभी असलेली चार माणसं असोत. कोणीतरी म्हणतं, "झिलाक मोबाईल दिलो आणि झील वाया गेलो", की लगेच दुसरा सांगली जिल्ह्याचं उदाहरण काढतो. मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात, मग आपण तसाच ठराव का करू नये? तरुण पोरं यावर एवढंच म्हणतात की तुम्हाला यातलं काही कळत नाही, आणि उठून जातात. झाला वाद. मला हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट घातला जातोय असं वाटतं, कारण दोघंही "मोबाईल" या एकाच गोष्टीवर भांडतायत आणि मोबाईलच्या आत काय चाललंय याबद्दल कोणी एक वाक्य बोलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. स्क्रीन चांगली की वाईट हा प्रश्नच सोडून द्या. कुठला गेम, कुठली सिरीज, ती कधीतरी संपते का, पैसे कसे मागते, वेळ कसा मागते आणि बघून-खेळून झाल्यावर त्यावर बोलण्यासारखं काही उरतं का, हे विचारा. आणि हे ठरवायला कोणी तज्ज्ञ येणार नाहीये. आपणच बघितलेलं, खेळलेलं एकमेकांना सांगायचं, मत द्यायचं, ते मत का आहे तेही सांगायचं.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू, कारण त्यात खरं बरंच आहे. वडगावकरांनी केलं ते मला मनापासून आवडतं. त्यांनी फक्त पोरांचे फोन काढून घेतले नाहीत, मोठ्यांचा टीव्हीपण त्यात धरला, आणि सगळ्या गावाने मिळून धरला. गेमचं व्यसन हे आईबापांच्या डोक्यातलं खूळ आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंग डिसऑर्डर हा आजारांच्या यादीत घेतला आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पैशाच्या गेमने तर घरंच्या घरं बसवली. गणपतीत जागरणाला पत्ते आपल्याकडेही बसतात, पण तिथे समोर काका-मामा असतात, कोण किती हरला ते सगळ्यांना दिसतं आणि विसर्जन झालं की डाव मोडतो. रमीच्या अ‍ॅपमध्ये माणूस रात्री दोन वाजता चादरीखाली एकटा हरायचा आणि घरच्यांना कळायचं ते कर्जवसुलीचे फोन यायला लागले की. हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना "गेमने काय होतंय" असं मी तरी कधी म्हणणार नाही.

पण मग त्याच प्रामाणिकपणे पुढची गोष्टही बघायला पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने सगळ्या गेमना एका दावणीला बांधलेलं नाही. पैसे लावून खेळायचे गेम बंद, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेचे गेम व नुसते करमणुकीचे गेम वेगळे, असं त्यात स्पष्ट आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये तर एकाच गेमच्या आतला एक तुकडा वेगळा काढला: पैसे देऊन पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते माहीत नाही, हा जुगार आहे, तो काढा, बाकी गेम राहू दे. म्हणजे कायदा करणारे लोक आत शिरून बघतायत आणि आपण अजून बाहेरूनच दगड मारतोय? आपल्याकडे अजूनही ठासून सांगितलं जातं की पब्जी सरकारने पोरं बिघडत होती म्हणून बंद केला. तसं नव्हतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ११८ चिनी अ‍ॅप बंद झाली त्यात तो गेला, आणि कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा. २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून बीजीएमआय म्हणून आला, २०२२ मध्ये परत काढला गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला तो खेळायच्या वेळेवर मर्यादा घेऊन. या सगळ्या काळात पोरांनी खेळणं सोडलं का? हा नाही तर तो, असं करत खेळतच राहिली. चीनने २०२१ मध्ये अठराच्या आतल्या पोरांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री आठ ते नऊ एवढीच परवानगी दिली. वेळ मोजला, पण त्या एका तासात पोरगं काय खेळतं, याचं उत्तर घड्याळ कसं देणार?

"मैदानावर जा" हा सल्ला ऐकला की मला खरंच वाईट वाटतं. कोकणात हा सल्ला द्यायच्या आधी जरा आजूबाजूला बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदान पाण्याखाली नाहीतर चिखलात. त्यातून उरलेल्या महिन्यांत त्या मैदानावर खेळायला आहे कोण? वाडीतली अर्धी घरं कुलूपबंद, शाळेचा पट इतका खाली आलाय की दोन इयत्ता एका वर्गात बसतात, अकरा-अकराची क्रिकेट टीम जमवायची तर तीन वाड्या फिरायला लागतात. ज्या चुलतभावाबरोबर खेळायचं तो नालासोपाऱ्यात किंवा डोंबिवलीत आहे आणि चाकरमानी गावात येणार मे महिन्यात आणि गणपतीला. मग हे पोरगं रात्री हेडफोन लावून त्याच चुलतभावाबरोबर चौघांचा स्क्वाड करून खेळतं, मध्येच आजीची तब्येत विचारतं, भांडतं, हसतं. त्याला एकलकोंडं म्हणायचं? गाव आपण रिकामं केलं, कामधंद्यासाठी केलं, त्यात कोणाचा दोष काढायचा नाहीये, पण त्या रिकामेपणाचं खापर फोनवर फोडणं मला पटत नाही. फोन नसता तर ते पोरगं मैदानावर गेलं नसतं, ओटीवर एकटंच बसलं असतं.

म्हणून सगळे गेम चांगले का? अजिबात नाही, आणि इथेच तरुण पोरांशी माझं भांडण आहे. "भारी आहे" आणि "बकवास आहे" यापलीकडे तीही जात नाहीत. त्याच स्क्वाडच्या खेळात सोबत आहे, डाव आखायला लागतो, अर्ध्या तासात एक डाव संपतो, हे सगळं चांगलंच. पण त्याच्याभोवती जे बांधलंय ते बघा की. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, सीझन संपायच्या आत विकत घेतलेला बक्षिसांचा पास पूर्ण नाही केला तर पैसे वाया, बंदुकीचा रंग बदलायला पैसे, कपड्याला पैसे, आणि तेही थेट रुपयात नाही, आधी रुपयांचे यूसी, म्हणजे गेममधली नाणी, घ्यायचे म्हणजे किती गेले ते डोक्यात राहत नाही. ही मांडणी खेळाच्या आनंदासाठी नाही, माणूस उठून जाऊ नये म्हणून आहे. चांगला खेळाडू असलेल्या पोराला हे कळत नाही असं नाही, त्याला ते कोणी बोलायला लावत नाही.

आता याच्या उलट टोकाचा एक गेम सांगतो, जो किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने एकदा तरी बघावा. 'ड्रेज', २०२३ चा, न्यूझीलंडच्या एका छोट्या कंपनीने केलेला. तुम्ही एकटे मच्छीमार, बोट फुटून एका बेटावर आलेले, तिथला महापौर तुम्हाला बोट देतो आणि त्या बोटीचं कर्ज तुमच्या डोक्यावर. पहिल्या दहा मिनिटांत कर्ज! आपल्याकडच्या माणसाला यात काही समजावून सांगायला लागत नाही. मासळी पकडायची, बोटीत चौकोन आहेत त्यात ती नीट बसवायची, फार वेळ ठेवली तर कुजते, विकून कर्ज फेडायचं, जास्त जागेची बोट करायची. दिवसा समुद्र शांत. अंधार पडला आणि तुम्ही अजून बाहेरच असलात की धुकं येतं, माणूस घाबरत जातो, नसलेले खडक दिसायला लागतात, जाळ्यात विद्रूप मासे येतात. आणि रात्रीच जास्त पैसे मिळायची शक्यता असते, म्हणून लोभ सुटत नाही. घड्याळ पण कसं, तर तुम्ही बोट हलवली किंवा मासळी काढायला लागलात तरच पुढे सरकतं. नुसतं थांबून विचार करायचा तर करा, गेम थांबतो. दहा-बारा तासांत गोष्ट संपते, शेवटी एक निर्णय घ्यायचा असतो, आणि मग संपलं. एकदा विकत घेतला की संपेपर्यंत परत पैसे मागत नाही.

हा गेम देवगडच्या किंवा मालवणातल्या दांडीच्या मच्छीमाराच्या घरात खेळला तर तिथे जे बोलणं होईल ते जगात दुसरीकडे होणार नाही. डिझेल कुठाय? या बोटीला डिझेल लागतच नाही, आणि आपल्याकडे फेरी परवडली की नाही ते डिझेलवर ठरतं. खलाशी कुठायत, त्यांचा वाटा कुठाय? बंदीचे महिने कुठायत, जून-जुलैत बोटी वर ओढलेल्या असतात ते? समुद्रात हा एकटाच कसा, पर्ससीनवाले, ट्रॉलरवाले आणि एलईडी लावून रात्री मासळी खेचणारे यांच्याशी पारंपरिक मच्छीमारांचं जे भांडण इतकी वर्षं चाललंय ते याच्या समुद्रात का नाही? पण मग हेही मान्य करायला लागतं की समुद्राच्या तळातून जे काढू नये ते काढत राहिलं की समुद्र काय परत देतो, ही भीती त्या लोकांनी अचूक पकडलीय. एवढं बोलणं ज्या खेळातून निघतं त्याला आणि रमीच्या अ‍ॅपला एकच नाव देऊन एकाच ठरावात बंद करणार?

मोठ्यांच्या टीव्हीचंही तसंच आहे. रोज संध्याकाळी सातपासून दहापर्यंत मालिकांची रांग, आठवड्यातून सहा-सात दिवस, वर्षानुवर्षं. तीही न संपण्यासाठीच बांधलेली असते, शेवटच्या मिनिटाला कोणीतरी दार उघडणार आणि आपण उद्या परत बसणार. पोराच्या डेली रिवॉर्डमध्ये आणि यात मला तरी फरक दिसत नाही. तरी मालिकेवर आपण चांगला वाद घालू शकतो हे आपण एकदा दाखवून दिलंय. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली, शूटिंग सावंतवाडीजवळ आकेरीच्या वाड्यात, आणि इथूनच आक्षेप निघाला की ही कोकणाची बदनामी आहे, अंधश्रद्धा पसरवतायत. दुसरी बाजू म्हणाली की अरे, मालवणी बोली पहिल्यांदा रोज रात्री अख्ख्या महाराष्ट्राच्या घरात जातेय, आपले कलाकार दिसतायत. मला दोन्ही बाजू बरोबर वाटल्या. पहिल्या भागातली भावाभावांची जमिनीवरून होणारी धुसफूस, वाटण्या, सातबारा, ते इतकं खरं होतं की भुताची गरजच नव्हती. २०१९ च्या दुसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता यांनी लोकांना धरून ठेवलं, तिथे अभिनय जबरदस्त, पण २०२१ चा तिसरा भाग मात्र नुसता ओढला. कोकण म्हणजे भुतं, हे चित्र त्या मालिकेने पक्कं केलं हा आक्षेप मी आजही मानतो. पण मुद्दा असा की तेव्हा लोकांनी बघून वाद घातला. कोणत्या प्रसंगात काय दाखवलं हे नावानिशी सांगून वाद घातला.

ही सवय आपल्याला नवी नाही. दशावताराला संहिता नसते, आख्यान ठरतं आणि नट आयत्या वेळी बोलतात, त्यामुळे प्रत्येक रात्रीचं नाटक वेगळं आणि प्रत्येक रात्रीची पारख वेगळी. सकाळी काजूच्या बागेत जाणारा माणूस सांगतो, "राजपार्ट बरो झालो, पण युद्ध उगाच लांबवल्यान." कोणत्या मंडळाचा संकासुर कसा, कोणाचा स्त्रीपार्ट कुठे कमी पडला, हे न शिकलेली माणसंसुद्धा कारण देऊन सांगतात, आणि बाबी नालंग यांच्यासारखा नट अशा पारखणाऱ्या लोकांसमोरच मोठा झाला. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ ची, विष्णुदास भाव्यांची, तरी पुढे कितीतरी वर्षं नाटकात जाणं हे चांगल्या घरांना कमीपणाचं वाटायचं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना सिनेमात काम करायला बाई मिळेना, तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं. आता कोणी म्हणेल की बघा, तेव्हाही नावं ठेवली, आताही ठेवतायत, म्हणजे गेम चांगलेच. हा युक्तिवाद आळशी आहे, मला तो नको. दशावतार गावात वर्षातून मोजक्या रात्री येतो, पेटारा घेऊन दुसऱ्या गावाला जातो, फोन खिशातून जात नाही. हा फरक मोठा आहे आणि समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दाही हाच आहे. माझं म्हणणं एवढंच की नाटक सुधारलं ते नुसती नावं ठेवल्याने नाही, बघणारे लोक, परीक्षणं लिहिणारे लोक हे चांगलं आणि हे वाईट असं वेगळं काढत गेले म्हणून. फोन खिशातून जात नसेल तर ही पारख जास्त लागेल, कमी नाही.

घरात ही पारख नसली की काय होतं ते २०२५ मध्ये आलेल्या 'अ‍ॅडोलसन्स' सिरीजने दाखवलं. चारच भाग, प्रत्येक भाग कॅमेरा न तोडता एका दमात घेतलेला, तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप. आईबाप वाईट नाहीत. पोरगं आपल्या खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे एवढंच त्यांना वाटत राहिलं. आणि पोलिसांनासुद्धा पोरांच्या मेसेजमधल्या चिन्हांचा अर्थ लागत नाही, तो समजावतो त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा शाळकरी मुलगा. मला दुसरा भाग थोडा पसरट वाटला, तिसरा भाग, जो जवळपास सगळा तो मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यात आहे, तो मी अलीकडे बघितलेला सगळ्यात ताकदीचा तास आहे. ही सिरीज बघून आमच्याकडे काहींनी काय निष्कर्ष काढला? "बघा, मोबाईल!" अहो, त्या मुलाचा फोन काढून घेतला असता तरी त्याच्या मनात मुलींबद्दल जे विष भरलं गेलं ते कोणी विचारलं असतं का? घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला ती भाषा कळत असती तर काही वेगळं घडलं असतं, असं मला ती बघताना सारखं वाटत होतं.

आणखी एक उदाहरण देतो कारण ते आपल्या जिव्हाळ्याचं आहे. २०१९ ची 'चेर्नोबिल', तिथल्या अणुभट्टीच्या स्फोटावरची, पाच भागांची. रत्नागिरीत, राजापूर तालुक्यात जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प होऊ घातलेला, सहा अणुभट्ट्या, दहा हजार मेगावॉटच्या आसपास, २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेलेला. अशा भागात ही सिरीज नुसती सिरीज राहूच शकत नाही. विरोधक म्हणतात, हेच इथे होणार. समर्थक म्हणतात, ते नाटक आहे, सोडा. दोघांनीही ती नीट बघितली नाही असं मला वाटतं. १९८६ चा स्फोट झाला त्या सोव्हिएत भट्टीत नियंत्रक दांड्यांच्या टोकाला ग्राफाइट होतं आणि भट्टीभोवती भक्कम काँक्रीटचं कवच नव्हतं. जैतापूरला ठरलेली फ्रेंच भट्टी त्या रचनेची नाही, त्यामुळे "हेच होणार" हे चूक. पण सिरीजचा जीव भट्टीत नाहीच, माहिती कोणी दाबली आणि शेजारच्या गावातल्या लोकांना किती उशिरा सांगितलं, यात आहे. तो प्रश्न मात्र कोणत्याही प्रकल्पाला, कुठल्याही रचनेला लागू आहे. आणि सिरीजने स्वातंत्र्य घेतलंय हेही खरं. त्यातली शास्त्रज्ञ बाई अशी एक व्यक्ती प्रत्यक्षात नव्हती, अनेक शास्त्रज्ञांना मिळून ते पात्र बनवलंय. मनोरंजनातून एका प्रकल्पावरचा वाद एवढा नेमका होऊ शकत असेल तर त्याला टाइमपास म्हणून बाजूला का टाकायचं?

राहिला तो शेवटचा आक्षेप, की सामान्य माणसाच्या मताला काय किंमत, ते सांगायला समीक्षक आहेत. असतील. पण 'पंचायत'च्या पहिल्या सीझनमध्ये फुलेरा गाव जसं साधं होतं तसं पुढच्या सीझनमध्ये निवडणुकीच्या राजकारणात हरवत गेलं, हे ज्याने ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी हेलपाटे घातलेत तो जास्त अधिकाराने सांगेल. 'राजी' हा पुण्यातल्या कंपनीने केलेला २०२० चा गेम, आपल्या पुराणकथांवरचा, दिसायला फार सुंदर, मारामारीत कमी पडतो, असं माझं मत. ते मत दहावीतल्या एखाद्या मुलीने कारणं देऊन खोडून काढावं, मला आवडेल. अशी मतं मराठीत बोलली गेली नाहीत तर संकासुराचा, रापणीचा, आपल्या किनाऱ्याचा गेम करावा असं पुढे कोणाच्या डोक्यात येणार कुठून?

म्हणून ठराव करायचाच तर करा, मी हात वर करीन. फक्त त्यात सातच्या मालिका पण धरा. पैसे लावायचे गेम दीड तास नाही, कायमचे बाहेर काढा. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला १८२८ पासूनची परंपरा आहे, गावोगावी वाचनालयं आहेत, तिथे महिन्यातून एक संध्याकाळ पोरांना उभं करून विचारा की काय खेळलास, काय बघितलंस, त्यात काय चांगलं आणि काय फसवं. आणि ठराव मांडणाऱ्या माणसाने मांडायच्या आधी आपल्या घरातल्या पोराशेजारी बसून तो गेम एकदा, सुरुवातीपासून डाव संपेपर्यंत, मध्ये न बोलता बघितलेला असला पाहिजे.